सँडपेपरने युटची ओळख पटत नाही, पुसली जाते

'जुनी दुर्मीळ ऑस्ट्रेलियन युट पाच मिनिटांत ओळखा' असा एक मेसेज मेलबर्न-सिडनीच्या मराठी ग्रुपांत फिरतोय. युट म्हणजे पुढे कारसारखी कॅबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. तो माझ्या मेव्हण्यापर्यंत पोचला आणि तो होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या 'एफएक्स' या पहिल्या मॉडेलच्या एका युटसाठी टोकन द्यायला निघाला, सोबत सँडपेपर घेऊन! म्हणून त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक सल्ला हा : 'चॅसिस नंबर सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पुसट असेल तर पुन्हा ठोकून घ्या.' असलं काही अजिबात करू नका. ठोकलेले आकडे मुळात जेमतेम खोल असतात. घासलं की त्यांच्या कडा जातात आणि आजूबाजूच्या पत्र्यावर ओरखडे उठतात. चोरीच्या गाडीचा नंबर उडवला की नेमकं असंच दिसतं, म्हणजे अस्सल गाडी तुम्ही स्वतःच्या हाताने संशयित करून ठेवता. आणि परस्पर नंबर ठोकणं हा ऑस्ट्रेलियात सरळ गुन्हा आहे. आधी मालकाची परवानगी घ्या. मग थिनरमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने रंग आणि ग्रीस उतरवा, फार तर नायलॉनचा ब्रश वापरा. टॉर्च समोरून न मारता बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरा. सावलीत आकडे उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. फोटो काढा आणि थांबा.

'इंजिन नंबर कागदाशी जुळला की गाडी अस्सल.' नाही. इंजिन बदलून नव्या नंबराची नोंद केली की कागद जुळतोच. एफएक्स आणि त्यामागून आलेल्या एफजे, एफई, एफसी या चारही होल्डन मॉडेलना १३२.५ घनइंची 'ग्रे' इंजिन होतं. त्यामुळे एकाचं इंजिन दुसरीत सर्रास गेलंय. ब्लॉकवरचा नंबर 'बी' किंवा 'जे' अक्षराने सुरू होत असेल तर ते इंजिन १९६० पासून पुढच्या एफबी किंवा ईजे या मॉडेलांच्या काळातलं, १३८ घनइंची. गाडी त्याने खोटी ठरत नाही, पण 'मूळ इंजिन' म्हणून जादा पैसे मोजायचं कारण उरत नाही.

'समोरची जाळी एफएक्सची, म्हणजे गाडी एफएक्स.' जाळी बोल्ट काढून बदलता येते. जानेवारी १९५१ मध्ये आलेल्या पहिल्या होल्डन युटचा मॉडेल क्रमांक ५०-२१०६. बॉनेट उघडून फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरची, मॉडेल क्रमांकाची पट्टी वाचा. तिथे 'एफजे' असेल तर जाळी कुठलीही असो, ती एफजे. ४८-२१५ हा सेदानचा क्रमांक असेल तर कुणीतरी सेदान कापून मागे हौदा जोडलाय. पट्टीही बदललेली असू शकते, म्हणून रिव्हेट आणि आसपासची जादा भोकं बघाच.

'१७ अंकी व्हीआयएन नसेल तर गाडी बनावट.' व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. याला काय म्हणावं! १७ अंकी व्हीआयएन ऑस्ट्रेलियात सक्तीचा झाला १९८९ पासून. या हिशेबाने एकूण एक जुनी युट बनावट ठरेल. उलट १९५१च्या गाडीवर १७ अंकी नंबर दाखवला तर तिथून निघा. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत अशा जुन्या गाड्यांचा शोध चॅसिस नंबरवरून घेता येतो. गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, हे तिथे कळतं. टोकनआधी एवढं तरी कराच.

मेसेजमधली 'फाल्कन जीटी-एचओ युट' ही फोर्डने बनवलीच नाही. जीटी-एचओ चार दारांची सेदानच होती. सँडमॅन या होल्डनच्याच खास मॉडेलचे स्टिकर आज कुणालाही मिळतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल : १९३४ची फोर्ड कूपे युटिलिटी खरोखर महत्त्वाची आहे. जिलाँगच्या कारखान्यात फोर्डचा डिझायनर ल्यू बँड्ट याने कॅबिन आणि हौद्याची बाजू सलग ठेवून ती आखली. पण 'बाजू सलग, म्हणजे १९३४' हे चूक. पुढे तोच बांधा इतरांनीही घेतला, आणि कापलेल्या कूपेचा सांधा पुट्टीने बाहेरून झाकता येतो. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक कॅबिनच्या मागच्या कोपऱ्यावरून फिरवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही. मग हौद्यात उतरून तोच कोपरा आतून बघा, वेल्डिंगची रेघ तिथे सापडते.