थिएटरात ओरडणाऱ्या पोरींची बाजू

कॉन्सर्ट फिल्मला, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमाचं चित्रण बघायला जायचं, तिकिटाचे पैसे मोजायचे आणि घरी येऊन 'पोरी काय किंचाळत होत्या, एक गाणं धड ऐकू दिलं नाही' म्हणून कुरकुरायचं, हा प्रकार मला कळत नाही. परवा नाटकवाल्यांच्या गप्पांत पुन्हा हाच सूर निघाला. तिथे मी गप्प बसले, कारण बोलणारे वयाने मोठे होते. इथे बोलते.

मी बघितलेली फिल्म म्हणजे अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची, तिच्या 'द एराज टूर' या दौऱ्याची. आपल्याकडे ती ३ नोव्हेंबर २०२३ ला लागली होती. भाचीने ओढून नेलं. मला त्या बाईची दोन-तीन गाणी माहीत, तीही रिक्षात ऐकून. पण मी नाटकाची ड्रेपरी, म्हणजे नटांचे पोशाख, सांभाळणारी बाई. समोर कोणीही गात असो, माझा डोळा आधी हुकांवर आणि चेनवर जातो.

आणि काय काय होतं हो तिथे! साडेतीन तासांच्या आतबाहेरचा तो शो, त्यात तिच्या कारकिर्दीचे एकेक टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला निराळा पोशाख. एका गाण्यात नाचणारे छत्र्या उघडून तिच्याभोवती गोळा होतात, छत्र्या बाजूला होतात तेव्हा तिच्या अंगावर दुसराच ड्रेस. आमच्याकडे हे विंगेत होतं, तोंडात सेफ्टी पिन धरून आणि नटीच्या शिव्या खात. इथे भर मंचावर, हजारो लोकांसमोर, तालात. मी खुर्चीत पुढे सरकून बघत होते की शिवण कुठे सोडलीय, वेल्क्रो आहे की प्रेस बटणं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर गेला आणि माझं राहिलंच.

तिचा तो टिकल्यांचा टी-शर्ट आहे ना, 'रेड' या अल्बमच्या टप्प्यातला, तो आशिष गुप्ता या डिझायनरचा. मूळचा दिल्लीचा माणूस, काम लंडनमध्ये करतो. अख्ख्या थिएटरात ही माहिती ऐकून आनंद होणारी मी एकटीच असणार. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, गाणं चालू आहे."

आता माझी खरी तक्रार. ही फिल्म ऑगस्ट २०२३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये चित्रित झाली, दिग्दर्शक सॅम रेंच. मूळ शो छाटून ती पावणेतीन तासांच्या आसपास आणली. काही गाणी गेली, ते एक वेळ ठीक. पण दोन टप्प्यांमधला अंधारही छाटला. ज्याने कधी विंगेत उभं राहून ब्लॅकआउट मोजलाय त्यालाच कळेल की त्यात काय गेलं. मंच काळा झालाय, आत धावपळ चाललीय, बाहेर प्रेक्षक वाट बघतोय, आणि त्या वाट बघण्यातून पुढच्या एंट्रीची टाळी तयार होते. फिल्ममध्ये एक गाणं संपलं की दुसरं हजर. दमलेली बाई दिसत नाही, उशीर होत नाही, काही चुकत नाही. सगळं आयतं. सुरुवातीची काही मिनिटं तर मला ही एक लांबलचक जाहिरात वाटत होती.

मग त्या पोरींनी सुरुवात केली.

आधी पहिल्या रांगेसमोरच्या मोकळ्या जागेत चार-पाच जणी उतरल्या. मग पायऱ्यांवर. प्रत्येक ओळ पाठ, मधले श्वाससुद्धा पाठ. एका अनोळखी मुलीने "काकू, घ्या ना" म्हणत माझ्या मनगटात मण्यांचं ब्रेसलेट सरकवलं. टेलरच्या एका गाण्यातल्या ओळीवरून ही देवाणघेवाणीची पद्धत पडली, असं भाचीने सांगितलं. फिल्ममध्ये टेलर एका छोट्या मुलीला स्वतःची काळी हॅट देते, बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची मुलगी ती. तेव्हा आमच्या थिएटरातल्या पोरी अशा ओरडल्या, जणू ती हॅट पुण्यातच पडणार होती. फिल्मने कापून टाकलेली वाट बघणं, ताण, दम लागणं, सगळं त्या स्वतःच्या अंगाने भरून काढत होत्या. त्यांचा आवाज काढून टाकला तर उरतं काय? ते घरी सोफ्यावर दिसतंच की. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा अहमदाबादचा कार्यक्रम २६ जानेवारी २०२५ ला मोबाइलवर लाइव्ह दिसत होता. मी अर्ध्यात उठून कुकर लावला.

शुद्धतावादी मंडळी लगेच 'स्टॉप मेकिंग सेन्स'चा दाखला देतात. १९८४ ची जोनाथन डेमीची फिल्म, टॉकिंग हेड्स या बँडची. बघितलीय, आणि फिल्म म्हणून ती कितीतरी सरस आहे यात वाद नाही. रिकामा मंच, एकटा माणूस गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो, मग एकेक वादक वाढत जातो आणि काळ्या कपड्यांतले बॅकस्टेजवाले सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सामान ढकलत आणतात. मला तर रडूच आलं होतं. आमची माणसं पडद्यावर! प्रेक्षक मात्र जवळपास शेवटपर्यंत दिसत नाहीत. ती फिल्म गप्प बसून बघण्यासाठीच बांधलीय. टेलरबाईंची फिल्म तशी बांधलेलीच नाही. अमेरिकेत एएमसी या थिएटरवाल्यांनीच ती थेट वितरित केली, मोठे स्टुडिओ बाजूला ठेवून, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की गा, नाचा, फक्त खुर्च्यांवर चढू नका. जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला तो काय शांततेत बसणाऱ्यांच्या जिवावर?

शिवाय या मुलींना दुसरं होतं काय? तो दौरा भारतात आलाच नाही. जवळात जवळ म्हणजे सिंगापूर, मार्च २०२४, सहा प्रयोग. विमान, हॉटेल, व्हिसा, आणि तिकीट मिळालंच तर. आणि एवढं करून स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून दिसणार काय? बोटाएवढी बाई आणि शेजारी मोठा पडदा. म्हणजे तिथेही पडदाच बघायचा. त्यापेक्षा बसने येऊन, कॉलेजच्या सॅकमधून चमकीचा टॉप काढून, बाथरूममध्ये बदलून बघितलेला हा पडदा मला जास्त बरा वाटतो.

आणि गप्प बसण्याची ही शिस्त आपल्यात आली कुठून? वन्स मोअर घेत घेत पहाटेपर्यंत संगीत नाटकं बघणाऱ्यांचे आपण वंशज. २०१६ साली 'झिंगाट' लागलं की याच महाराष्ट्रात लोक पडद्यापुढे नाचले, तेव्हा त्याचं कौतुक झालं. मुंबईत एनसीपीएच्या नाट्यगृहात लंडनच्या नाटकांचं चित्रण दाखवतात तेव्हा मीही श्वास रोखून बसते, कारण ते नाटक तसंच बसून बघायचं असतं. इथला प्रयोगच वेगळा.

पोरींचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. पुढच्या रांगेतली एक जण अख्खं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करत होती, टॉर्च चालू ठेवून. तिच्या पाठीत मी हळूच बोट टोचलं. पुन्हाही टोचेन.

पण खरा राग यायला हवा तो थिएटरवाल्यांचा. त्या दिवशी गाणं ऐन रंगात असताना मध्यंतर झालं. वर पाटी, खाली पॉपकॉर्नची जाहिरात. नाचणाऱ्या पोरी जागच्या जागी थिजल्या. नाटकात कोणी असा पडदा पाडला असता तर मॅनेजरची धडगत नव्हती. आणि खुर्च्या तर झोपायच्या, पाय लांब करायच्या. अशा फिल्मला पुढच्या दोन रांगा विकू नका, मध्यंतर टप्पा संपल्यावर घ्या, एसी थोडा वाढवा. एवढंच करायचं होतं.

शेवटी श्रेयनामावली सुरू झाली तेव्हा मी चष्मा पुसून तयार होते. मला ड्रेपरीवाल्यांची नावं वाचायची होती. पण त्यावरही गाणं होतं, आणि सगळ्या पोरी पडद्यापुढे उभ्या. मी जोरात "बसा गं खाली" म्हणून ओरडले. कोणी ऐकलं नाही. मग घरी स्ट्रीमिंगवर पॉज करून करून वाचली.