समास तेवढे शाबूत

अमळनेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काल दुपारी लाइट गेली आणि ‘संगणक अचानक बंद पडल्यास फाइल सिस्टिम कशी सावरते’ या विषयावरची माझी टिपणे शून्य बाइटची झाली. वीस रुपये मात्र घेतले गेले, कारण दुकानातल्या मुलाच्या म्हणण्यानुसार ते समास सुधारण्याचे होते. समास सुधारले होते हे मी नाकारत नाही. त्यांच्या मध्ये काही उरले नव्हते, एवढेच.

लाइट आल्यावर त्याने पेनड्राइव्ह तपासून ‘फाउंड.०००’ नावाचा फोल्डर उघडला आणि “सर, सापडलं सगळं” असे अभिमानाने जाहीर केले. फॅट या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, मजकूर, तुकड्यांची साखळी आणि फोल्डरमधली नोंद या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागी लिहिल्या जातात, आणि मध्येच वीज गेली तर बेवारस साखळ्यांना असल्या फोल्डरात आसरा मिळतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. ते मला ऐकवले गेले, तेही चढ्या आवाजात.

तेवढ्यात सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलेले, एका जिनिंगमध्ये हयातभर दिवाणजी राहिलेले बाबा पुढे सरकले. “काय हुई गये मास्तर?” मी सांगितले. “मंग आधी रोजमेळमा लिखेल नही व्हतं का?”

मी चरकलो. जर्नलिंग म्हणतात ते हेच: काय बदलणार ते आधी नोंदवायचे, मग मूळ जागी चढवायचे, आणि मध्येच घात झाला तर अख्खी डिस्क न चाळता फक्त नोंदवही वाचून पुढे जायचे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये ही सोय १९९३ पासून आहे. लिनक्समध्ये ईएक्सटी३ ती घेऊन २००१ साली आली. बाबांनी हे शांतपणे ऐकून विचारले, “रोजमेळमा रक्कम बी लिखतस, का नुस्तं नाव?”

नेहमीच्या मांडणीत नुसते नाव. रचनेतले बदल नोंदवले जातात, मजकूर नाही. मजकूरही नोंदवायचा तर सगळे दोनदा लिहावे लागते आणि यंत्र मंदावते. असा रोजमेळ ठेवला असता तर शेठजींनी त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवले असते, असे बाबा म्हणाले, आणि झेरॉक्सच्या रांगेने माना डोलावल्या.

मी सूडाने १९९१ सालची, बर्कलीच्या रोझेनब्लम आणि ओस्टरहाउट यांची पद्धत काढली, जिच्यात सगळी डिस्कच रोजमेळ असते. “मंग जुनी पानं कोन साफ करस?” या पद्धतीवरचा सर्वांत जुना आक्षेप नेमका हाच आहे. मग मी झेडएफएस ही फाइल सिस्टिम सांगितली, जी चालू पानावर कधीच खाडाखोड करत नाही. नवे पान पूर्ण लिहून झाले की शेवटी मूळ खूण तिकडे वळवते, त्यामुळे जुने तरी हाती राहते किंवा नवे तरी. त्यावर बाबांनी प्रथमच समाधानाने हुंकार भरला. माझ्या विद्यार्थ्यांनी एवढे कधी विचारलेले नाही, आणि याचा राग मला लाइटपेक्षा जास्त आला.

पण पेनड्राइव्हवर अजूनही फॅटच्याच घराण्यातली फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, कारण ती प्रत्येक यंत्रात चालते. दोन्हींत जर्नल नाही. उन्हाळ्यात भरदुपारी लाइट जाते हे खान्देशात पोरालाही ठाऊक आहे. तरी दुकानाच्या यूपीएसची बॅटरी दोनदा ओरडून मरते आणि नुकसान गिऱ्हाइकाच्या माथी येते, ते का, याचे उत्तर कोणाकडे मागायचे?

निघताना बाबांनी विचारले, लिहिले ते पक्के झाले हे समजायचे कसे? मी म्हटले, ‘सेव्ह’ दाबल्याने नव्हे. प्रोग्रॅमने एफसिंक, म्हणजे ‘मजकूर खरोखर डिस्कवर उतरव’ असा हुकूम, मागावा लागतो, आणि तरीही काही डिस्का मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवूनच ‘झाले’ असे कळवतात.

“डिस्क बी खोटं बोलस?”

“म्हणून तर मी उधारी ठेवत नाही,” मुलगा म्हणाला.