शेळ्या चौदा, कुत्रा एक

कालची पावती अजून खिशात आहे. कार्बनची पुसट अक्षरं: 'शेळ्या १४, कुत्रा १'. दंड भरला त्याचं काही नाही, पण ते 'कुत्रा १' रात्रभर टोचत राहिलं. इंग्रजांनी १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा केला (तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो, पण ते असो), त्यात कोणकोणती जनावरं येतात याची यादी दिलेली आहे. हत्ती आहे, उंट आहे, खेचर आहे, डुक्कर आहे, शेळीचं करडूसुद्धा आहे. कुत्रा नाही. म्हणजे हरभऱ्यात हत्ती शिरला तर त्याला कोंडता येतं, कुत्र्याला नाही. हे मी खिडकीपाशी उभं राहून नीट समजावून सांगितलं. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "सर, हत्ती आणलाय का? न्हाई ना? मग करा सही."

मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर रशियन शास्त्रज्ञ पॉव्हलॉव्हचा, घंटा ऐकली की लाळ गाळायला शिकलेला कुत्रा काढला, जबड्यातून लाळेचे थेंब, बाजूला घंटा. या माणसाला १९०४ चं नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, घंटेसाठी नाही, हे दरवर्षी बजावलं, आणि दरवर्षी पोरांनी पेपरात घंटाच लिहिली. निवृत्तीनंतर चौदा उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. (जिल्हा धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) मग माळेगावच्या जत्रेतून कारवानी जातीचं पिल्लू आणलं. जत्रा खंडोबाची, म्हणून नाव वाघ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना बॉम्ब नेमका नेऊन पाडायला शिकवत होता, तर मला कुत्र्याला चौदा शेळ्या वळायला शिकवता येऊ नयेत?

येऊ नयेत, असं पूर्ण गावाचं मत होतं. धनगरांची कुत्री मेंढरं राखतात, वळत नाहीत. रात्री लांडगा आला तर भिडायचं, एवढंच त्यांचं काम. वळायचं काम धनगर स्वतः करतो, जिभेनं आणि शिट्टीनं. त्यात कारवानी म्हणजे नजरेनं ससा हेरून सुसाट सुटणारं शिकारी कुत्रं. तिकडे विलायतेत बॉर्डर कॉली जमिनीलगत दबून मेंढ्यांवर नुसते डोळे रोखते आणि कळप वळतो. तीही शिकारच, हेरणं, दबणं, पाठलाग, फक्त चाव्याच्या आधी थांबलेली. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती तिथं तोडली. वाघ्याच्या खानदानात कुणी काही तोडलेलं नव्हतं. पण मी म्हटलं, शास्त्र आपल्या बाजूला आहे.

शास्त्र साधं आहे. कुत्र्यानं बरोबर केलं की बक्षीस, चुकलं की काहीच नाही. मार नाही, शिवी नाही. पण बक्षीस खिशातून निघून तोंडात पडेपर्यंत कुत्रं तीन वेगळ्या गोष्टी करून बसतं, आणि ते नेमकं कशाचं मिळालं हे त्याला कळत नाही. म्हणून बरोबर त्या क्षणाला 'टिक' असा आवाज करायचा. पूर्वी जत्रेत पत्र्याचा टिकटिक बेडूक मिळायचा, तसलीच डबी. टिक म्हणजे बरोबर, ये, पगार घे.

पगार म्हणून आधी मी उकडलेली कलेजी ठेवली होती. पण बांधावरच्या बाभळीखाली तात्या बसतात आणि तात्या माळकरी. "माझ्या सावलीत हे चालायचं न्हाई," असं त्यांनी जाहीर केलं. सावली बाभळीची होती, पण बाभूळ तात्यांच्या बांधावर होती. मी तालुक्याहून पनीर आणायला लागलो.

"मास्तर, कुत्र्याला काय चारायलास ते?"

(मी प्राध्यापक होतो. बावीस वर्षं. तात्या मास्तरच म्हणतात.)

"पनीर आहे, तात्या."

तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "आमच्या बारक्याच्या लग्नात पनीर व्हतं. मी शेवटच्या पंगतीला बसलो, मला नुसता रस्सा आला." मग बराच वेळ ते वाघ्याकडे बघत राहिले. मी "बस" म्हटलं, वाघ्या बसला, टिक, पनीर. "ऊठ" म्हटलं, उठला, टिक, पनीर.

"बसलं की पनीर, उठलं की पनीर. मग काम कवा करतंय?"

"तात्या, सध्या हेच त्याचं काम आहे."

"बसायचं?"

"सुरुवातीला बसायचंच."

"मग आमच्या थोरल्याला कामून शिकवायलास न्हाई? त्यो तर बिनपनीरचा बसतोय." आणि हात पुढं केला. "बघू एक."

तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला, डोळे मिटले, हळू चावला. मी निकालाची वाट बघत उभा, वाघ्याही.

"आळणी हाय," तात्या म्हणाले आणि दुसरा उचलला.

दुसऱ्या दिवसापासून ते बाभळीखाली सकाळी माझ्याआधी हजर. कॉलीला घड्याळाच्या काट्याप्रमाणे जायला एक शब्द असतो, उलट जायला दुसरा. मी त्यांच्याऐवजी 'वरून' आणि 'खालून' ठरवले. तात्यांना ते पटेना. "वर म्हंजी कुठं रे? रान तर ताटावानी सपाट हाय." तीस फुटी दोरीच्या टोकाला वाघ्या, मधोमध मी, बाहेरून तात्यांचे प्रश्न. "मारायचं न्हाई?" नाही. "शिवी बी न्हाई?" नाही. "मग त्येला कळतंय कसं तू मालक हाईस म्हणून?"

याचं उत्तर मला तिथं सुचलं नाही, रात्री अंथरुणात सुचलं. आमच्या शाळेत गुरुजी निरगुडीचा फोक आम्हालाच तोडून आणायला लावायचे, आणि बारीक आणला तर त्याबद्दल दोन जास्त द्यायचे. बारावीला मी केंद्रात पहिला आलो. वडिलांनी गुणपत्रिका उजेडाकडे धरून वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "बैलाला पाणी दाखिवलं का?" तेवढ्यावर मी अजून ते बरोबर केलं का, बरोबर केलं का, असं विचारत फिरतो. एक टिक करायला काय लागतं माणसाला?

पनीरचा खर्च भागेना म्हणून मी स्किनरचीच दुसरी युक्ती काढली. बक्षीस दरवेळी द्यायचं नाही, कधी द्यायचं, कधी नाही. कबुतराला प्रत्येक टोचणीला दाणा मिळत असला आणि मग बंद झाला, तर ते लवकर नाद सोडतं. पण अवचित कधीतरी मिळत असला तर वेड्यासारखं टोचतच राहतं. हे मी वर्गात जुगाराच्या मशिनचं उदाहरण देऊन शिकवायचो. कोरडवाहूवर राहणाऱ्या माणसानं जुगाराचं मशिन कशाला शोधावं? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि त्याच पावसाळ्यात पूर आले. चार वर्षांत एकदा सोयाबीन साधतं, भाव मिळतो, आणि पुढची तीन वर्षं आम्ही त्या एका दाण्याच्या आठवणीवर पेरतो. पीकविमाही तसाच. खात्यावर कधी येतो, कधी येत नाही, आणि आला तर आकडा असा असतो की बँकेत जायचं भाडं निघावं. सरकारात कुणीतरी स्किनर पक्का वाचलेला असणार.

असो. शेळ्या.

काल चारच्या सुमाराला शेळ्यांना शेजारच्या हरभऱ्याचा वास लागला. घाटे भरलेले, कुंपण नावाला. पुढची शिंगाडी निघाली, तिच्यामागं बाकीच्या. मी ओरडलो, "वाघ्या, वरून!" आणि काय सांगू, वाघ्या गेला. सरळ अंगावर नाही, लांबून वळसा घालून, अगदी कॉलीसारखा, शिंगाडीच्या पुढं जाऊन फटीत आडवा उभा राहिला. मान खाली, नजर रोखलेली. शेळ्या थबकल्या. शिंगाडीनं पाय मागं घेतला. चार महिने ज्यासाठी काढले ते डोळ्यांसमोर घडत होतं. मला राहवलं नाही. अंगठा आपसूक दाबला गेला.

टिक.

टिक म्हणजे काम संपलं, ये, पगार घे. हे मीच शिकवलेलं. वाघ्या फट सोडून आनंदानं शेपूट हलवत माझ्याकडे पळत आला आणि समोर व्यवस्थित बसला. त्याच्या मागून चौदा शेळ्या एका रांगेत हरभऱ्यात गेल्या.

मी डबा उघडला. डबा रिकामा होता. बाभळीखाली तात्या मिशा पुसत होते.

आता कुत्रं काही उठेना. टिक झालंय, पनीर बाकी आहे. मी "खालून" म्हटलं, "वरून" म्हटलं, हात जोडले. ते माझ्याकडे असं बघत होतं जसं मी विमा कंपनीच्या माणसाकडे बघतो. शेवटी मी शिवी दिली. शास्त्र सोडून, मोठ्यानं, माळकऱ्यासमोर.

शेजारी आला. त्यानं भांडण केलं नाही, हेच वाईट. नुसता म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं..." आणि वाक्य अर्धं सोडून शेळ्या कोंडवाड्याकडे हाकायला लागला. तात्याही उठले, जिभेनं 'ट्र्रर्र, हुर्र' केलं आणि हात वळवला. एवढंच. वाघ्या उठला. कळपाच्या मागं गेला, डावीकडून फुटणारी शेळी आत घेतली, उजवीकडून घेतली, मागं राहिलेलं करडू नाकानं ढकललं. ना टिक, ना पनीर. अर्धा किलोमीटर रस्ता, दोन मोटारसायकली, एक ऊसाचा ट्रॅक्टर, एकही शेळी इकडची तिकडं झाली नाही. सगळ्या फाटकातून आत घातल्या, शेवटी स्वतः आत गेला आणि बसला. चौकीदारानं फाटक लावलं आणि मोजून आकडा सांगितला.

आज सकाळी मी रानात मुद्दाम उशिरा गेलो. डबी घरीच ठेवली होती. तात्या बाभळीखाली होते, वाघ्या त्यांच्या पायाशी.

"मास्तर," ते म्हणाले, "उद्या जरा मीठ लावून आण."