दहा मिनिटं लवकर निघा, एवढंच

मुंबईकर मनाने कोरडे झालेत, शेजारच्याचं कुणाला काही पडलेलं नाही, हे मी इतक्यांदा ऐकलंय, लग्नात, पूजेला, गावाला गेलं की तर हमखास, की आज बसून लिहायचंच ठरवलं. मला हे अजिबात पटत नाही. आपली माणसं कोरडी बिरडी काही नाहीत, घाईत आहेत. कोरड्या मनाला औषध नसतं, घाईला आहे, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, फोन लागेनात, अर्धं शहर रस्त्यावर पायी. त्या रात्री जे बाहेर अडकले होते त्यांना विचारून बघा, पाण्याबद्दल बोलतील त्याच्यापेक्षा जास्त माणसांबद्दल बोलतील. छातीएवढ्या पाण्यात दोर धरून उभी असलेली पोरं, वाटेत चहा आणि बिस्किटाचे पुडे घेऊन उभे असलेले लोक. माझी मोठी बहीण तेव्हा सायनला एका घरी राहिली, ओळख ना पाळख, त्या आजींनी तिला आपलं पातळ नेसायला दिलं, गरम पिठलं-भात वाढला आणि सकाळी सोबतीला मुलगा दिला. नंतर पेपरात स्पिरिट ऑफ मुंबई वगैरे खूप छापून आलं. पण माझं म्हणणं असंय की त्या आजी २५ जुलैलाही तिथेच होत्या आणि तशाच होत्या. फक्त २६ला कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं, गाड्याच बंद म्हटल्यावर कसली फास्ट आणि कसला मस्टर. घाई थांबली आणि बाजूला उभा असलेला माणूस दिसायला लागला.

हे नुसतं मला वाटतं म्हणून नाही. डार्ली आणि बॅटसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, प्रिन्स्टनमधला. पाद्री व्हायचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी घेतले, त्यांना सांगितलं की बाजूच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय, आणि त्यातल्या काहींना विषय कुठला दिला, तर वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट. मग काहींना म्हणाले उशीर झालाय पळा, काहींना म्हणाले अजून वेळ आहे, सावकाश जा. वाटेत एका दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत पडलेला, तो अर्थात त्यांनीच बसवलेला. ज्यांच्याकडे वेळ होता त्यातले ६३ टक्के थांबले. अगदी घाईतल्यांपैकी १० टक्के. आणि डोक्यात भाषण कसलं घोळतंय त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही! म्हणजे मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघालेला मुलगासुद्धा उशीर झाला म्हणून त्या माणसाच्या बाजूने निघून गेला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर परळ स्टेशनचा पूल आला, तिथे आपण सगळे असेच धावत असतो.

मी राहते भांडुपला, ऑफिस परळला. गेल्या पावसाळ्यापासून मी एकच बदल केलाय, ८:१४च्या ऐवजी तिच्या आधीची स्लो पकडते. बाकी योगा नाही, डायरी नाही, काही नाही. ही हातातली दहा-बारा मिनिटं कशाला वापरायची हे आधी ठरवत नाही, ती जवळ असली की झालं.

ज्यांचं परळला येणं-जाणं आहे त्यांना माहीत आहे, स्टेशनच्या बाहेर रोज सकाळी गावाकडून आलेली माणसं उभी असतात. पांढरी टोपी, सोबत बाई, तिच्या डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, रिपोर्टची फाईल पावसाने भिजू नये म्हणून पिठाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घातलेली. "टाटा कुनीकडं हाय ओ?" म्हणजे टाटा कॅन्सर हॉस्पिटल. आणि आपण चालता चालता हात करून म्हणतो, सरळ जा. पण तिथे सरळ म्हणजे काय? मधे केईएम हॉस्पिटल लागतं, वाडिया हॉस्पिटल लागतं, नवख्या माणसाला कुठली इमारत कुणाची ते कळायचं कसं. आणि टाटाला पोचले तरी मेन बिल्डिंग वेगळी, गोल्डन ज्युबिली ब्लॉक वेगळा, होमी भाभा ब्लॉक वेगळा. मागच्या महिन्यात असंच एक जोडपं भेटलं, सांगलीकडचं, कागदावर होमी भाभा लिहिलेलं आणि तीन जणांनी तीन दिशा दाखवलेल्या. मी म्हटलं चला माझ्याबरोबर. काका सारखे म्हणत होते, "ताई, तुमास्नी उशीर व्हईल की." म्हटलं नाही होत काका, आज वेळ आहे. चालताना कळलं की रात्री राहायची सोयच नाहीये, फुटपाथवर झोपू म्हणाले, अगदी सहज म्हणाले. मग त्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेबद्दल सांगितलं, तिथे पेशंट आणि नातेवाइकांची राहायची सोय होते, पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. मावशी बोलल्या काहीच नाहीत, फक्त गेटपाशी माझा हात दोन्ही हातात धरून उभ्या राहिल्या जरा वेळ. हे सगळं फार तर पंधरा मिनिटांचं काम. धर्मशाळा परळ-दादरला काम करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत असते, पण ते सांगण्याएवढं कुणी थांबतच नाही.

आता मनाचं. माझ्या भाचीच्या शाळेत आनापान करून घेतात, राज्य सरकारचा शाळांसाठी ‘मित्र’ नावाचा उपक्रम आहे ना, त्यात. डोळे मिटून बसायचं आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मन पळालं की चिडायचं नाही, परत आणायचं. तिनेच मला शिकवलं, अगदी शिक्षिकेसारखं मागे उभं राहून. ही गोष्ट आपल्याला काही परकी नाही, विपश्यना ध्यानाची ही पहिली पायरी, आणि ते ध्यान शिकवणारे गोयंका गुरुजी म्यानमारमधून १९६९ साली आले ते भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर त्यांनी मुंबईतच घेतलं, नंतर इगतपुरीचं केंद्र, आणि गोराईचा पॅगोडा तर आपण सगळे बघून आलोय, मुलांचे फोटोही काढून आलोय. दहा दिवसांचं शिबिर करायला सुट्टी मिळणं अवघड, ते मला मान्य आहे. पण गाडी यायच्या आधीची चार मिनिटं फोन पर्समध्येच ठेवून श्वासाकडे लक्ष देणं कुणालाही जमेल. त्याने मला काय मिळतं तर डब्यात चढताना मी भांडणाच्या तयारीने चढत नाही. कोपर लागलं की पूर्वी आपोआप तोंडातून शब्द जायचा, आता आधी बाई दिसते, मग कोपर.

अमेरिकेतही जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जो माइंडफुलनेसचा, म्हणजे समोरच्या क्षणाकडे नीट लक्ष द्यायचा कोर्स सुरू केला तो दुखण्यांनी गांजलेल्या, औषधांनी पूर्ण आराम न पडणाऱ्या पेशंटसाठी होता. त्यात एक बेदाणा घेऊन तो बघत, हुंगत, सावकाश चावत खायला शिकवतात. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवून, श्लोक म्हणून, मग पहिला घास घ्यायचे त्यातही तेवढाच थांबा होता, आता ताटाशेजारी मोबाईल उभा करून जेवतो आपण. मी रात्रीच्या जेवणात तो बंद केलाय आणि आमच्याकडे सासूबाई आता पूर्वीपेक्षा खूप बोलतात, एवढं लक्षात आलंय.

मला राग कशाचा येतो सांगते. हेच माइंडफुलनेस आता ऑफिसात वर्कशॉप म्हणून येतं, एसी हॉल, डोळे मिटा, खांदे सैल सोडा, आणि त्याच ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. म्हणजे घाई तुम्हीच लावायची आणि घाईत शांत कसं राहायचं तेही तुम्हीच शिकवायचं? आजारी माणसाचं दुखणं सुसह्य व्हावं म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी वापरू नये.

संध्याकाळच्या लेडीज डब्यात एक ताई असतात, बहुतेक डोंबिवलीला जातात. बसायला मिळालं की पर्समधून पिशवी काढतात आणि गवार निवडायला घेतात. अंगठ्याच्या नखाने टोक मोडायचं, शीर ओढायची, मोडून पिशवीत, परत पुढची, डोळे मिटलेलेच असतात, हात चालू. पहाटे साडेचारला पाणी येतं म्हणून उठतात, दोन डबे, मुलांची शाळा, आणि घरी पोचल्यावर परत स्वयंपाक. ह्या बाईला मी सांगू, ताई जरा सजग राहा, दहा मिनिटं लवकर निघा? ती दहा मिनिटं त्यांनी आणायची कुठून! म्हणूनच मला असं वाटतं की ज्याच्याकडे वेळ आहे त्याने तो दुसऱ्याला द्यायचा. आमच्या डब्यात झालं ते असं की समोरची एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, द्या ना थोडी इकडे, मग मी घेतली, मग खिडकीतल्या बाईंनी घेतली, घाटकोपर यायच्या आत पाव किलो गवार निवडून झाली. ताईंनी पिशवी बांधली आणि ठाण्यापर्यंत चक्क झोपल्या. कुणी कुणाला थँक यू म्हटलं नाही. घरचे नवरे, मुलगे, सासरे, तुम्ही हे वाचत असाल तर उद्यापासून एक डबा तुम्ही भरा, दयाळूपणाचं बाकीचं सगळं नंतर बघू.

आपल्या घाईची किंमत दुसरा कुणीतरी भरत असतो हे एकदा दिसायला लागलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवायची म्हणजे भर पावसात कुणीतरी गाडी दामटणार. कोथिंबिरीसाठी खाली उतरा ना, भाजीवाला आहे कोपऱ्यावर. आणि मागवलंच काही तर आलेल्या मुलाला पाणी विचारा, आणि सोसायटीत लिफ्ट त्याला बंद असेल तर मीटिंगमध्ये उठून बोला. काच फुटली की तशीच डब्यात टाकू नका, जाड कागदात दोनदा गुंडाळा, दोरा बांधा, वर मोठ्या अक्षरात "काच" असं लिहा, वेगळी द्या. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या दादांच्या तळहातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरा व्रण आहे, बाटलीचा. पॅड आणि डायपर गुंडाळून वेगळे द्यायचे हे तर घनकचरा नियमांतच आहे, त्यात उपकार काही नाही.

काही जण म्हणतील, घाई नाही, भीती असते, ॲक्सिडेंट झालेल्याला उचललं तर पोलीस आपल्याच मागे लागतील. तर हे माहीत करून घ्या, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलंय, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ला फोन करा आणि तिथे थांबा. हे आपल्या मुलांना पण सांगून ठेवा.

आणि सवय लागत नाही म्हणून सोडून देऊ नका. २१ दिवसांत सवय लागते हे जे फिरतं त्यात काही अर्थ नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता, तिथे सरासरी ६६ दिवसांचा अंदाज निघाला, कुणाला १८ तर कुणाला २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्याने काही बिघडत नाही असंही दिसलं. मेगाब्लॉकच्या रविवारी सगळं कोलमडतं तेव्हा मला याचा फार आधार वाटतो.

आता आमच्या ऑफिसात आम्ही एक अर्ज दिलाय, जून ते सप्टेंबर लेट मार्क लावू नका आणि बाकीचे महिने अर्धा तास सवलत द्या, संध्याकाळी तेवढं जास्त थांबतो. शिपायापासून सिनियर मॅनेजरपर्यंत सह्या झाल्यात, अकाउंट्सच्या दोघांनी तर स्वतः फिरून गोळा केल्या. एचआरने पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तुमच्या कुणाच्या ऑफिसात असा नियम आधीपासून असेल तर तो कसा लिहिलाय, हजेरी कशी धरतात, कामाची अडचण होते का, हे मला नक्की कळवा, मीटिंगला जाताना दाखवायला हातात काहीतरी पाहिजे.