गर्दीचं भाडं घेता, मग गर्दी कुठंय?

काल सकाळी साडेदहाला शटर वर केलं आणि बोहनी झाली दुपारी पावणेचारला. दोनशे चाळीस रुपये. एक झबलं, एक टोपडं आणि मोज्यांचे दोन जोड. ते पैसे गल्ल्यात टाकतोय तोवर मॉलच्या ऑफिसातला पोरगा आला आणि काउंटरवर बिल ठेवून गेला. २६,५५० रुपये. पाच तारखेच्या आत भरा, नाहीतर व्याज. त्या पोराचा काही दोष नाही, त्याचाच दोन महिन्यांचा पगार अडकलाय. पण त्या कागदाकडे बघून डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून लिहितोय.

माझा गाळा पहिल्या मजल्यावर. २२० चौरस फूट, लहान मुलांचे कपडे. मॉलचं नाव घेत नाही आणि गावाचंही नाही. आपल्या खान्देशात मॉल आहेतच किती, लगेच कळेल. माल उल्हासनगर आणि इंदूरहून आणतो. वडिलांचं दुकान जुन्या बाजारात होतं. तिथं पार्किंग नाही, उन्हात बायाबापड्या लेकरं घेऊन येईनात, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी हिंमत करून मॉलमध्ये आलो. फर्निचर, लाइट, काच, बोर्ड, सगळं मिळून साडेचार लाखांचं कर्ज.

हाच गाळा का घेतला? तर सरकत्या जिन्यावरून उतरलं की समोर ते मोठं डिपार्टमेंटल स्टोअर, आणि त्याच्या दाराला लागून माझं दुकान. दाखवायला आणलं तेव्हा मार्केटिंगवाल्याने मला त्याच जागी उभं केलं, घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, "शेठ, दहा मिनिटं मोजा किती माणसं जातात ते." मी मोजली. एकशे साठाच्या पुढे गेली. रविवार होता. त्याच आकड्यावर त्याने भाडं सांगितलं, महिना १६ हजार. म्हणजे फुटाला साधारण ७३ रुपये. जुन्या बाजारात याच्या निम्म्यात गाळा मिळत होता.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. मॉलमध्ये मोठं दुकान फुटामागे सगळ्यात कमी भाडं देतं आणि आमच्यासारखे छोटे सगळ्यात जास्त देतात. कारण मोठं दुकान माणसं आणतं आणि आम्ही त्या माणसांवर जगतो. ठीक आहे, हा हिशेब मला मान्य होता. पण मग माझ्या ७३ रुपयांत भिंती-फरशीचे किती आणि त्या गर्दीचे किती? निम्म्याच्या वर पैसे मी गर्दीचे देत होतो. आठ महिन्यांपूर्वी ते मोठं दुकान बंद पडलं. गर्दी गेली. गर्दीचे पैसे मात्र एक रुपयाने कमी झाले नाहीत.

बंद पडलं म्हणजे एका दिवसात नाही. आधी वरच्या फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या. मग एकच माल दोन-दोन ओळींत पसरून ठेवायला लागले, फळी भरलेली दिसावी म्हणून. मग माल आणणाऱ्या गाड्या थांबल्या, पोरं-पोरी पगारासाठी मॅनेजरच्या केबिनबाहेर उभी दिसायला लागली. आणि एका बुधवारी शटर उघडलंच नाही. काचेवर इंग्रजीत एक कागद. दोन दिवसांनी सगळ्या काचांना आतून खाकी कागद लावला. त्याचा एक कोपरा आता सुटलाय. तिथून आत बघितलं तर लाल बास्केटांची थप्पी दिसते आणि कपडे काढून घेतलेले चार पुतळे, त्यातला एक मुलाचा. माझ्या दुकानात आलेली लेकरं त्याच फटीला डोळा लावून बसतात. आठ महिने माझ्या दुकानाच्या शेजारी ही अशी अवकळा, आणि तिथंच उभं राहून मी गिऱ्हाइकाला "या ताई, बघा नवीन माल" म्हणायचं.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगतो. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडांना कपडे होतात, आमच्या धंद्यात दिवाळीनंतरचा मोठा सण हाच. गेल्या वर्षी आखाजीच्या आधीच्या चार दिवसांत माझा ६२ हजारांचा धंदा झाला होता. या वर्षी त्याच चार दिवसांत ९,३००. शिरपूरकडची एक आजी नातीला घेऊन आली होती. जिन्यावरून चढून आली, कारण सरकता जिना बंद. दम लागलेला. मला म्हणे, "भाऊ, ते मोठं दुकान बंद व्हई गयं का? आते आम्ही इथं काय कराले येवानं?" मी काय उत्तर देणार? तिचं बरोबरच आहे. ती किराणा, स्टीलचा डबा, साडी आणि नातीचा फ्रॉक एका फेरीत घ्यायला येणार. फक्त माझ्या फ्रॉकसाठी शंभर रुपये भाडं घालून कोण येतं?

आणि आता मेंटेनन्स. यावर तर माझा जीव जळतो. आधी महिन्याला ४ हजार होते. दुकान बंद झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ६,५०० झाले. विचारायला गेलो तर सांगतात, कॉमन खर्चात मोठ्या दुकानाचा जो वाटा होता तो आता उरलेल्यांवर फुटाप्रमाणे वाटला. म्हणजे सिक्युरिटी, लिफ्ट, जनरेटर, बाहेरच्या कॉरिडॉरचे दिवे, या सगळ्यात बुडालेल्या कंपनीचा हिस्सा मी भरायचा! आणि सोय वाढली का? सरकता जिना बंद. एसी फक्त संध्याकाळी पाच ते नऊ. बाहेर ४४-४५ डिग्री, मे महिना, आणि मॉलमध्ये येण्याचं एकच कारण लोकांकडे उरलं होतं, थंड हवा, तीही दुपारी बंद. दोन वाजता माझ्या गाळ्यात उभं राहून दाखवावं या लोकांनी. परवा एक तान्हं बाळ घामाने इतकं रडलं की त्याची आई कपडा न बघताच निघून गेली.

१६ हजार भाडं, साडेसहा हजार मेंटेनन्स, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, झाले २६,५५०. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, छोट्या दुकानदारांसाठीची ती, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मला मिळत नाही. तो सरळ खिशातून जातो.

"सोडून दे ना मग गाळा," असं सगळेच म्हणतात. मेहुणे म्हणतात, मित्र म्हणतात. अरे बाबांनो, लॉक-इन आहे छत्तीस महिन्यांचं! बावीस महिने बाकी. आज शटर ओढलं तर बावीस गुणिले १६ हजार, ३ लाख ५२ हजारांची मागणी, आणि सहा महिन्यांचं डिपॉझिट, ९६ हजार, जप्त. ॲग्रीमेंट ३८ पानांचं, इंग्रजीत. सह्या झाल्या त्या दिवशी माझ्यासमोर दीड तास ठेवलं होतं. आता शांतपणे वकिलाकडून वाचून घेतलं. त्यात एक कलम आहे, मराठीत सांगायचं तर असं, की मॉलमध्ये अमुक दुकान सुरू राहील अशी कुठलीही हमी मालक देत नाही आणि ते बंद झालं म्हणून भाड्यात सूट मागता येणार नाही. म्हणजे तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं! मला उभं करून माणसं मोजायला लावली तेव्हाही हे कलम छापून तयार होतं. तोंडाने गर्दी विकायची आणि कागदावर गर्दीशी संबंध नाही म्हणून लिहून ठेवायचं, याला आमच्याकडे फसवणूकच म्हणतात.

वकीलसाहेब म्हणाले, अगदीच हातपाय गळू देऊ नका. करार कायदा १८७२, कलम ७४. करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली असली तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. म्हणजे ते सगळे साडेतीन लाख मिळतीलच असं नाही. बरं वाटलं. मग विचारलं, किती वर्षं लागतील? तर ते नुसते खिडकीबाहेर बघायला लागले. आपल्याला काय नवीन आहे? जळगावात महापालिकेच्या संकुलांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली, तो घोळ वर्षानुवर्षं चालला. गाळेधारकांची एक पिढी त्यात म्हातारी झाली.

आता मोठ्याचं काय होतं ते बघा. कंपनी दिवाळखोरीत गेली की २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली तिच्यावर मोरेटोरियम, म्हणजे वसुलीला स्थगिती लागते. कलम १४. त्या काळात तिच्या ताब्यातली जागा मालकाला परत घेता येत नाही, थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. म्हणून ते खाकी कागद तसेच आहेत. मॉलवाल्याला ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. कायद्यात या प्रक्रियेला ३३० दिवसांची मर्यादा लिहिली आहे, पण बिग बझारवाल्या फ्युचर रिटेलचं काय झालं आठवा. २०२० च्या ऑगस्टमध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, ॲमेझॉन आडवं आलं, कोर्टबाजी सुरू झाली, इकडे भाडी थकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने कित्येक दुकानं ताब्यात घेतली, कारण तिथले भाडेकरार जागामालकांनी आधीच रिलायन्सकडे वळवून दिले होते. जुलै २०२२ ला कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि लिक्विडेशनचा, म्हणजे सगळं विकून कंपनी गुंडाळायचा आदेश आला जुलै २०२४ मध्ये. दोन वर्षं! आमच्या मॉलमधली कंपनी वेगळी, पण कायदा तोच. तेवढ्या काळात शेजारचा झबल्या-टोपड्यांचा दुकानदार कसा जगला हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं.

मी वकिलांना विचारलं, मला मिळेल का असा मोरेटोरियम? सहा महिने तरी? ते म्हणाले, त्या कायद्यातला साध्या माणसांचा भाग अजून तुमच्यासाठी लागूच झालेला नाही. डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. म्हणजे शेकडो कोटी बुडवणाऱ्याच्या दारावर कायदा छत्री धरून उभा, आणि मी महिन्याच्या सहा तारखेला उघडा.

मॉलमालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. भाड्याच्या जिवावर त्याने बँकेचं कर्ज उचललंय. थकलेलं भाडं मागायला तो रांगेत उभा राहिला तर बँका पुढे आणि तो मागे, जागेचं भाडं कायद्याने ऑपरेशनल कर्जातच, म्हणजे धंद्याच्या रोजच्या देण्यातच मोजतात. त्याचा हप्ता थांबत नाही. कळतं. पण म्हणून जो बुडाला त्याच्याकडून वसूल होत नाही ते जो टिकलाय त्याच्या नरड्यातून काढायचं?

मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर तो तिकडचं सांगायला लागला. हडसन्स बे म्हणून मोठमोठ्या दुकानांची १६७० सालची कंपनी, देणी झेपेनात म्हणून मार्च २०२५ मध्ये कोर्टात गेली, १ जूनला शेवटची दुकानं बंद. मग तिथं भाडेकरारांचीच विक्री निघाली! जुने, कमी भाड्याचे, लांब मुदतीचे करार, त्यांना किंमत. एका बाईंनी २८ करार घ्यायची तयारी केली. त्यांच्या स्वतःच्याच मॉलमधले तीन मिळाले, बाकी २५ पैकी बहुतेकांना मॉलमालकांनी विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये कोर्टाने नाही म्हटलं. सहा महिने मोठमोठे वकील कशावर भांडले, तर इथं पुढे कोण बसणार यावर. कारण त्या जागी कोण बसतं त्यावर अख्ख्या मॉलचं पोट आहे, हे तिथं सगळ्यांना मान्य आहे. तो म्हणाला, तिकडे आणि अमेरिकेत बऱ्याच दुकानदारांच्या करारात को-टेनन्सी नावाचं कलम असतं. मोठं दुकान गेलं की छोट्याचं भाडं आपोआप उतरतं, आणि ठरलेल्या मुदतीत दुसरं मोठं दुकान आलं नाही तर त्याला करार सोडता येतो. म्हणजे माझी मागणी काही आभाळातून पडलेली नाही! आपल्याकडेही मोठे ब्रँड हे कलम घालून घेतात असं वकील म्हणाले. त्यांना मिळतं, कारण त्यांच्यासोबत मुंबईचा वकील येतो. माझ्यासोबत माझे वडील आले होते.

आमच्या मजल्यावर सव्वीस गाळे. अकरा बंद झाले. घड्याळवाला गेला, चपलावाला गेला, कटलरीवाल्या वहिनी डिपॉझिट सोडून गेल्या, नवऱ्याला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. उरलेले आम्ही मागच्या आठवड्यात एकत्र जाऊन मॅनेजरला भेटलो. त्याने चहा पाजला. म्हणाला, "वर कळवतो." मेंटेनन्सचा हिशेब मागितला, कुठल्या खर्चाचे किती, वीजबिलाच्या प्रती. तो तर म्हणे, देता येत नाही. आमच्याच पैशांचा हिशेब आम्हालाच देता येत नाही!

तर काल रात्री दुकान वाढवताना ते बिल घेतलं आणि त्याच्यावरच मराठीत लिहिलं: मोठ्या दुकानाच्या वाट्याचे २,५०० आणि त्यावरचा ४५० रुपये कर मी देणे लागत नाही, वीजबिलांच्या प्रती दाखवा. खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का. २३,६०० चा चेक टाचला, सगळ्याची झेरॉक्स काढली आणि आज सकाळी ऑफिसात देऊन पोच घेतली. चपलावाल्याच्या शेजारचा गाळेवाला आणि मोबाइल कव्हरवाला, दोघांनी माझ्याकडून तो मजकूर उतरवून नेलाय.