लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि आत्याची गोळी

नाशिकच्या आत्याने मागच्या वर्षी रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत होता: अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी मान्य केलंय, ध्यानाने रक्तदाब बरा होतो. तीन महिन्यांनी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. मी इथे इंग्लंडात, एक्सिटरला, रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी होते.

मूळ निवेदन मी नंतर शोधून वाचलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली एवढंच म्हटलं होतं, की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करून पाहता येईल. ‘जोडीला’ हा त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द आणि नाशिकला पोचेपर्यंत नेमका तोच गळला होता.

आत्या घरी आली आणि ग्रुपवर जुंपली. थोरला चुलतभाऊ म्हणाला, ऋषींनी सांगून ठेवलेलंच आता गोरे सिद्ध करताहेत. पुण्याच्या भाचीने सगळ्यालाच भोंदूगिरी ठरवलं. मला दोघांचंही पटत नाही.

आई गेल्यानंतर मला दुसऱ्यांदा नैराश्य आलं, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मला आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाला पाठवलं. नैराश्य पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी इथल्या सरकारी आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वं २००४ पासून त्याची शिफारस करतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. तो सावकाश पाहायचा, हुंगायचा, मग चावायचा. इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेले बाबा रोज पहाटे बसायचे, त्यामुळे श्वासाकडे पाहणं मला नवं नव्हतं. वर्गाआधीचे प्रश्न मात्र नवे होते. कोणती औषधं चालू आहेत? आयुष्यात मोठा आघात झालाय का? डोळे मिटून बसल्यावर जीव घाबरला तर कुणाला सांगाल? ध्यानाने काहींचा त्रास वाढतो, हे तिथे आधीच स्वच्छ सांगितलं. आपल्याकडे हे मला कुणी कधीच विचारलं नव्हतं.

या वर्गाची मोठी चाचणी मानसशास्त्रज्ञ विलेम काइकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. काइकेन पूर्वी इथल्याच विद्यापीठात होते. ४२४ रुग्ण, दोन वर्षं. निम्म्यांनी औषध चालू ठेवलं. निम्म्यांनी वर्ग केला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध हळूहळू कमी केलं. वर्ग केलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा आलं, औषधवाल्यांपैकी ४७ टक्क्यांना. वर्ग सरस ठरेल अशी आशा होती. तसं म्हणण्याइतका हा फरक नव्हता आणि २०१५ साली त्यांनी ते तसंच छापलं.

पुढे काइकेन यांच्याच पुढाकाराने ब्रिटनमधल्या ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर चाचणी झाली. तिचा निकाल २०२२ मध्ये आला: शाळेतल्या नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा ध्यानाच्या तासांनी मुलांचं मानसिक आरोग्य काही जास्त सुधारलं नाही. बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. ज्याने उमेदीची वर्षं या विषयाला वाहिली, त्याने हे जाहीरपणे सांगावं, याचा माझ्यावर खोल परिणाम झाला. इथलं सगळंच चांगलं आहे असं नाही. मानसोपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, आणि कामाचा बोजा कमी करण्याऐवजी माणसांच्या हाती ध्यानाचं ॲप देणारी ऑफिसं मी पाहिली आहेत.

पण माझ्या भावाला मला लोणावळ्याची आठवण करून द्यायची आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम ही योगाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं, हे ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासत होते. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही त्या काळीही लाडकी समजूत होती. त्यांच्या मोजमापात ती टिकली नाही, आणि योगावर निष्ठा असलेल्या या माणसाने ते छापलं. गोऱ्यांच्या शिक्क्याची वाट पाहणाऱ्या भावाला आणि सगळं झटकून टाकणाऱ्या भाचीला, दोघांनाही ही प्रयोगशाळा एका दिवसात पाहून येता येईल.

बाबांची ती पहाटेची बैठक मला फार प्रिय आहे, म्हणूनच तिच्या नावावर खोटं खपवलेलं मला सहन होत नाही. शाळांत ध्यानाचे तास सुरू करणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे: आधी आणि नंतर मोजा, ज्या मुलांना त्रास झाला त्यांचीही नोंद ठेवा, आणि आकडे कसेही आले तरी पालकांपुढे ठेवा. आत्याची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. सकाळी ती वीस मिनिटं बसतेही. गोळी आधी, बैठक नंतर.