मुळं गात नाहीत, आणि मंडलंही विणत नाहीत

तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही येऊन गेला असेल. 'मातीखालचं इंटरनेट!!' असं शीर्षक, हिरवी हृदयं, एक फोटो, एक व्हिडिओ आणि चार दावे. मुळं जमिनीखाली आपोआप मंडलं, म्हणजे रेखीव भौमितिक नक्ष्या, विणतात. शास्त्रज्ञांनी मुळांचं गाणं रेकॉर्ड केलंय. आईझाड बुरशीच्या जाळ्यातून आपल्या पिल्लांना ओळखून जेवू घालतं. आणि झाडांना आपल्या मनातलं कळतं, हे जगदीशचंद्र बोसांनी केव्हाच सिद्ध केलंय.

असले मेसेज मी न वाचता पुसून टाकतो. पण माझी भाची कला शिकते, आणि तिने आपल्या मांडणशिल्पाच्या (इन्स्टॉलेशनच्या) टिपणात हा मजकूर जवळजवळ तसाच उतरवला. वर 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे की' हे तिचं स्वतःचं योगदान. आता गप्प बसवत नाही.

आधी मंडल, कारण सगळ्यात चीड आणणारी गोष्ट तीच. फोटो खोटा नाही. पांढऱ्या मुळांची ती रेखीव नक्षी डायना शेरर या अॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या जर्मन कलावतीची आहे. नक्षी ती आधी स्वतः आखते, तिचा साचा बनवते, तो मातीखाली ठेवते आणि वर ओट किंवा गव्हासारखं बी पेरते. मुळं खाली उतरतात, साच्याच्या खाचांतून सरकतात, एकमेकांत गुंततात. मग सगळा थर उचलायचा, माती काढायची आणि उलटा करून दाखवायचा. साचा नसेल तर मुळं ओल आणि खनिजं मिळतील तिकडे दाट होतात, इतरत्र विरळ राहतात, दगड आला की वळसा घालतात. कुंडीत ती कडेने गोल फिरतात, पण ते भिंत आडवी आली म्हणून. षट्कोन काढायची हौस त्यांना नाही.

स्वतः शेरर हे लपवत नाहीत. मुळांना माणसाळवण्याचे सराव, अशाच अर्थाचं नाव त्यांनी या कामाला दिलंय. वनस्पतीला आपल्या मर्जीने वाढायला लावणं सुंदर आहे की क्रूर, हा त्या कामातला खरा काटा. मेसेजवाल्याने काय केलं? कलावतीचं नाव उडवलं, साचा उडवला, काटा उडवला आणि खाली लिहिलं, 'निसर्गाची पवित्र भूमिती'. एका बाईच्या कष्टाचं श्रेय निसर्गाला देऊन टाकायचं आणि वर त्यालाच पुरावा म्हणायचं! कला शिकणाऱ्या मुलीने निदान 'हे कोणी केलं' एवढं तरी विचारायला नको?

आता गाणं. व्हिडिओत पानाला दोन पॅड चिकटवलेत आणि स्पीकरमधून मंद, गोड सूर येताहेत. पानाला, बरं का. मुळांशी त्या यंत्राचा काही संबंध नाही. पॅडमधून अगदी बारीक वीज जाते आणि पानाचा विद्युतरोध कसा बदलतो ते मोजलं जातं. त्या बदलांचे मिडी संकेत, म्हणजे कोणता सूर वाजवायचा हे वाद्याला सांगणाऱ्या डिजिटल सूचना, होतात आणि संकेतांवर सिंथेसायझर वाजतो. कोणतं वाद्य, कोणती सप्तकं, बेसूर काही वाजू नये म्हणून कोणते स्वर वगळायचे, हे सगळं माणसाने आधीच ठरवलेलं असतं. पॅड सैल झाला, हवेतला ओलावा बदलला किंवा कोणी पानाला हात लावला, तरी 'गाणं' बदलतं. पावसाच्या नोंदींना पेटीचे सूर लावले म्हणून पाऊस यमन गातो असं कोणी म्हणत नाही.

कला म्हणून मला यात काही वावगं वाटत नाही. क्रिस्ता सोमेरर आणि लोराँ मिन्योनो या कलावंत जोडीने १९९२ मध्येच खऱ्या रोपांना हात लावला की पडद्यावर संगणकी झाडं उगवतात, अशी कलाकृती केली होती. ती झाडं रोपांनी काढली, असा दावा कोणी केला नाही.

झाडांचा आवाज मुळीच नसतो, असंही नाही. हे कबूल करायला हवं. तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की पाण्यावाचून ठेवलेली किंवा कापलेली टोमॅटो-तंबाखूची रोपं तासाला साधारण ३० ते ५० वेळा टिकटिकतात. हे आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचे, म्हणजे आपल्या कानांच्या पलीकडचे. बहुधा खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटत असावेत. बासरी नाही.

आईझाडाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. १९९७ मध्ये वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की जंगलातल्या भूर्जाच्या रोपांकडून डग्लस फरच्या रोपांकडे कार्बन जातो. झाडांची मुळं जोडणाऱ्या बुरशीच्या जाळ्याचं 'वुड वाइड वेब' हे नाव तेव्हाच गाजलं. पण भूर्ज आणि फर या दोन वेगळ्या जाती. यात आई कोण आणि पिल्लू कोण? तो कार्बन बुरशीतूनच गेला की काही मातीतूनही, हा वादही तेव्हापासूनचा. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होएक्सेमा या संशोधकांनी प्रत्यक्ष जंगलातले प्रयोग पुन्हा तपासले. मोठी झाडं आपल्याच संततीला निवडून या जाळ्यातून अन्न किंवा इशारे पाठवतात, याला जंगलातला एकही प्रकाशित पुरावा त्यांना सापडला नाही. यातल्या जोन्स १९९७ च्या शोधनिबंधाच्याही सहलेखिका आहेत. याहून वजनदार साक्ष कुठली आणायची?

कुंड्यांमधल्या प्रयोगांत मात्र माव्याने पछाडलेल्या घेवड्यावर्गीय रोपाचा इशारा बुरशीच्या धाग्यांतून शेजाऱ्याकडे गेल्याचं दिसलंय. मुळं रसायनं सोडतात आणि त्यावर बुरशी प्रतिसाद देते, हेही पक्कं. पण यात माया शोधू नका. स्ट्रायगोलॅक्टोन नावाची जी द्रव्यं सोडून मुळं उपकारक बुरशीला बोलावतात, त्यांचाच सुगावा लागून टारफुला या परजीवी तणाचं बी रुजतं आणि ज्वारीच्या मुळांना चिकटून तिला शोषतं. मांडणशिल्प करायचं तर याचं करा की! निरोप मित्रासाठी, ऐकतो वैरी. मंडलांपेक्षा यात कितीतरी जास्त नाट्य आहे.

उरला मनकवडेपणा. ते बोसांचं नाहीच. १९६६ मध्ये क्लीव्ह बॅक्स्टर या अमेरिकी माणसाने ड्रसिना या शोभेच्या झाडाच्या पानाला लाय डिटेक्टर जोडला आणि झाडाला आपले विचार कळतात असं जाहीर केलं. जवळच कोळंबीसारखे बारीक जीव मारले की झाड प्रतिसाद देतं, हा त्याचा प्रसिद्ध दावा १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या काटेकोर फेरप्रयोगात उतरला नाही. बोसांनी स्वतः घडवलेल्या यंत्रांवर वनस्पतींची वाढ आणि विद्युत प्रतिसाद मोजले. बॅक्स्टरचं खापर त्यांच्या माथी कशाला?